एकेचाळीस किलो उतरल्यानंतरची कंबर

परभणी जिल्ह्यातील एका चव्वेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वजन ११२ किलो होते. जठराचा आकार लहान करण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर चौदा महिन्यांत ते ७१ किलोवर आले. गुडघेदुखी जवळजवळ थांबली आहे. कंबर पूर्वीपेक्षा बरी असली तरी दुखणे गेलेले नाही. उलट गेल्या दोन महिन्यांपासून बसल्यावर माकडहाड दुखते आणि चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते. एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचे लिहिले असून एका ठिकाणी त्यांना मणक्याची शस्त्रक्रिया सुचवण्यात आली आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अजून चालू आहे आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांचे गर्भाशय काढलेले आहे. इतके वजन उतरूनही कंबर का दुखते, आणखी दहा किलो उतरवले तर ती थांबेल का आणि शस्त्रक्रिया करावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण कंबर चार आठवडे थांबू शकते, पण निसटणारी चप्पल थांबू शकत नाही.

चप्पल निसटते ती बहुधा पंजा नीट उचलला जात नसल्याने. पायाचा पंजा आणि अंगठा वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणारी नस दोन ठिकाणी अडचणीत येऊ शकते. एक जागा कमरेत, जिथे ती मणक्यांमधून बाहेर पडते. दुसरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे ती पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून, अगदी कातडीच्या खालून पुढे जाते. या दुसऱ्या जागी नसेला हाड आणि कातडी यांच्यामध्ये आधार असतो तो थोड्याशा चरबीचा. वजन झपाट्याने उतरले की ही चरबीही उतरते, आणि मग पायावर पाय टाकून बसणे, मांडी घालून बसणे किंवा उकिडवे बसणे एवढ्या साध्या कारणाने नस दबते. वजन वेगाने घटल्यानंतर पंजा लुळा पडण्याचा हा प्रकार वैद्यकशास्त्राला जुना परिचयाचा आहे. त्यात एक विचित्र गंमत अशी की, अनेक वर्षे जाड मांड्यांमुळे ज्यांना पायावर पाय टाकता येत नव्हता, ते बारीक झाल्यावर हौसेने तसेच बसू लागतात.

काही वर्षांपूर्वी जालन्याकडचा एक शेतकरी एमआरआयची मोठी पिशवी काखेत घेऊन माझ्याकडे आला होता. साखर वाढल्याचे कळल्यावर त्याने आहार बदलून वर्षभरात तीस किलोच्या आसपास वजन उतरवले होते. चालताना त्याचा पंजा जमिनीवर आपटत होता. अहवालात गादी सरकलेली होतीच, त्यामुळे कमरेच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. मी त्याला खाटेवर बसवून पंजा वर उचलायला सांगितला, तो उचलेना. मग तोच पंजा आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे वळवायला सांगून मी हाताने विरोध केला, तर त्याने माझा हात सहज ढकलला. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याची ताकदही शाबूत होती. कमरेत पाचवी नस दबली असती तर या दोन्ही हालचाली कमजोर पडायला हव्या होत्या. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाजवळ बोटाने हलकेच टिचकी मारली तेव्हा पायाच्या पाठीपर्यंत मुंग्या गेल्या. नसेची विद्युत तपासणी झाली, दोष गुडघ्याजवळच निघाला. त्याने त्या मोसमात खुरपणीला उकिडवे बसणे सोडले, पंजाला आधार देणारी पट्टी लावली आणि साधारण तीन महिन्यांत पंजा उचलू लागला. कमरेला हात लावावा लागला नाही.

आपल्याला हेच झाले आहे असे मी न तपासता म्हणणार नाही. पण याच आठवड्यात ही तपासणी आणि नसेची विद्युत तपासणी करून घ्यावी. ताकद खरोखरच कमरेतील नसेमुळे गेली असेल आणि दिवसागणिक कमी होत असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला योग्य ठरतो व ती लांबवू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा येणे किंवा दोन्ही पाय कमजोर होणे यांपैकी काहीही झाले तर मात्र आठवडाही थांबायचे नाही, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचे.

एमआरआयच्या अहवालाबद्दल एक आकडा लक्षात ठेवावा. ज्यांना कंबरदुखी नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या सुमारे ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि सुमारे ५० टक्के लोकांच्या गाद्या फुगीर दिसल्या होत्या. म्हणजे आपल्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या दोन शिक्षिका शेजारी उभ्या केल्या तर त्यांतल्या एकीच्या अहवालात गादी फुगल्याचे शब्द सापडतील. चित्रात दोष दिसणे आणि त्या दोषामुळे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सांगड फक्त हाताने केलेली तपासणी घालू शकते.

आता पहिला प्रश्न. वजन उतरल्याने कमरेवरचा भार किती घटतो, हे आधी पाहू, कारण इथे आपला फायदा मोठा झालेला आहे आणि तो कमी लेखू नये. भरलेली घागर कडेवर घेतली तर पेलते. तीच हात लांब करून पुढे धरली तर क्षणात पाठ ताणते. सुटलेले पोट हे अशी पुढे धरलेली घागर असते. पोटावरची दहा किलो चरबी मणक्यापासून वीस सेंटिमीटर पुढे असेल, तर तिचा तोल सांभाळणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असल्याने त्यांना चाळीस किलोंच्या ताकदीने खेचावे लागते. चरबीचे दहा आणि स्नायूंचे चाळीस असे मिळून पन्नास किलो गादीवर येतात. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्येकाच्या बांध्यानुसार बदलतो, पण पोट उतरल्यावर कंबर पहिल्या तीन-चार महिन्यांतच का हलकी वाटते, ते त्यातून कळते. शिवाय चरबी हे नुसते ओझे नसते. तिच्यातून दाह वाढवणारी रसायने रक्तात सुटत राहतात आणि चरबी घटली की त्यांचे प्रमाणही उतरते.

आपल्याकडे रुग्ण सांगतात, "डॉक्टर, मणक्यात गॅप आला आहे." प्रत्यक्षात झालेले असते उलटे: गादी झिजून दोन मणक्यांमधले अंतर कमी झालेले असते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या ३० अतिस्थूल रुग्णांच्या एका अभ्यासात, २०१२ मध्ये, चौथ्या व पाचव्या मणक्यांमधल्या गादीची सरासरी उंची ६ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर झाल्याचे आणि कंबरदुखीही लक्षणीय उतरल्याचे नोंदले गेले. तेव्हा वजन उतरल्यावर गॅप वाढतो, आणि तो वाढणे चांगले असते. हे सांगितल्यावर समोरचा रुग्ण हमखास गोंधळतो.

पण गुडघा आणि कंबर यांचे गणित सारखे नाही. गुडघ्याच्या बाबतीत हिशोब सरळ आहे; एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे २००५ मधील एका अभ्यासात दिसले होते. आपली गुडघेदुखी थांबली ती त्यामुळेच. कंबरेचे तसे नाही. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या पुरुषांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक जोडीतल्या दोघा भावांच्या वजनात सरासरी १३ किलोंचा फरक होता. अपेक्षा अशी होती की जाड भावाच्या गाद्या जास्त झिजलेल्या असतील. दिसले ते असे की, जाड भावाच्या गाद्यांमध्ये पाणी किंचित जास्त टिकून होते आणि त्याची मणक्याची हाडेही अधिक घट्ट होती. याचा अर्थ वजन वाढवावे असा नाही. तेरा किलो म्हणजे चाळीस किलो नव्हेत. अर्थ एवढाच की हाड आणि गादी भाराने केवळ झिजत नाहीत, त्या भाराला सरावतात, आणि तो भार अचानक काढून घेतला की हा सरावही ओसरू लागतो.

माझ्या मते आपल्या उरलेल्या दुखण्याचे मूळ इथे आहे. एकेचाळीस किलो उतरले, ती सगळी चरबी नव्हती. व्यायामाची जोड नसताना झपाट्याने उतरलेल्या वजनापैकी साधारण पाव हिस्सा स्नायू आणि इतर चरबीविरहित ऊतींचा असतो. म्हणजे आपल्या बाबतीत दहाएक किलो. त्यातले काही स्नायू मणक्यांना लगटून असलेले, एका मणक्याला दुसऱ्याशी बांधून ठेवणारे आहेत. ओझे गेले, पण ते वाहणारे बैलही रोडावले. म्हणून सकाळी फारसे न दुखणे, चार तास उभे राहून शिकवल्यावर कंबर धरणे आणि आडवे पडल्यावर दहा मिनिटांत बरे वाटणे, असा क्रम असेल तर ती थकलेल्या स्नायूंची कंबर आहे. ती चाकूने बरी होत नाही आणि आणखी वजन उतरवल्याने तर बिघडते.

बारीक झालेल्या माणसाची हौस हेही एक कारण असते. अंग हलके वाटू लागले की माणसे दहा वर्षांत न केलेली कामे एका आठवड्यात करतात: कपाट सरकवतात, गव्हाचे पोते उचलतात, कुणी एकदम सूर्यनमस्कारांची शंभरी गाठायला निघते. मन ७१ किलोंचे झालेले असते, पाठीचे स्नायू अजून तिथे पोचलेले नसतात.

हाडांकडे आपण विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. वजन मोठ्या प्रमाणात उतरले की हाडांची घनता घटते. जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती घटते आणि आतड्याचा मार्ग बदलण्याच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर त्याहून अधिक. आपले गर्भाशय छत्तिसाव्या वर्षी काढलेले आहे. त्या वेळी बीजकोशही (अंडाशय) काढले होते का, हे जुने कागद पाहून नक्की करावे, कारण बीजकोश गेले की त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते आणि हाडे वयाआधी पोकळ होऊ लागतात. मराठवाड्यात हा प्रश्न एकट्या आपला नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये पुढे आला तेव्हा शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली होती. अशा स्त्रिया चाळिशीत कंबर धरून येतात तेव्हा त्यांना वेदनाशामक इंजेक्शन आणि कमरेचा पट्टा मिळतो. बीजकोश आहेत का, हे फार थोडे विचारतात. आपण हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी एकदा करून घ्यावी. ती होईपर्यंत उसण भरली म्हणून कुणा पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेऊ नये, आणि मणके बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती पाठ देऊ नये. विरळ झालेले हाड एवढ्याशा धक्क्याने दबल्याचे मी पाहिले आहे.

माकडहाडाचे उत्तर छोटे आहे. बसताना त्या हाडाला उशी देणारी चरबी उतरली आहे. वर्गातली लाकडी खुर्ची आणि गावच्या रस्त्यावरची जीप आता थेट हाडाला लागते. मागच्या बाजूने कापलेली, माकडहाड अधांतरी राहील अशी फोमची उशी वापरावी, टेकून घसरून न बसता किंचित पुढे झुकून बसावे. बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो.

ब-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी अवश्य करावी. आपल्या बाबतीत कमतरतेची दोन कारणे एकत्र आली आहेत, लहान केलेले जठर आणि मेटफॉर्मिन. आपण शाकाहारी असाल तर तिसरेही आले. या जीवनसत्त्वाच्या अभावी मेरुरज्जूच्या मागच्या भागावरचे आवरण झिजते. दोन्ही तळव्यांना सारख्याच मुंग्या येणे, कापसावर चालल्यासारखे वाटणे, डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. ती "मणक्यातली नस दबली" या नावाखाली सहज दडून जातात, आणि उशीर झाला तर झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. या शिक्षिकांचे वजन ठरवून उतरवलेले आहे. काही न करता वजन घटत असेल आणि त्याबरोबर पाठ दुखत असेल, विशेषतः रात्री झोपेतून उठवण्याइतकी दुखत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर आनंद मानू नये. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही नेहमीच्या पाहण्यातला आहे, आणि कर्करोग मणक्यात पसरला तरी चित्र असेच दिसते. तिथे मालिश आणि शेक यांत घालवलेला प्रत्येक महिना महाग पडतो.

आता दुसरा प्रश्न, आणखी दहा किलोंचा. माझे उत्तर नाही असे आहे. पुढचे सहा महिने वजन ७१ च्या आसपास स्थिर ठेवावे आणि त्या वजनात स्नायूंचा वाटा वाढवावा. आपल्यासारखी शस्त्रक्रिया झालेल्यांना दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार नाही याची खात्री करून घ्यावी, मधुमेहात ती तपासणी लागतेच. भाकरी, ठेचा आणि पातळ वरण यांतून हा आकडा गाठला जात नाही. एका ज्वारीच्या भाकरीत जेमतेम पाच ग्रॅम प्रथिने असतात, अंड्यात सहा, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, पेलाभर दुधात आठ. सोयाबीन मात्र वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्रथिनांचे असते. ते लातूर-परभणीच्या शिवारात पोत्यांनी पिकते आणि तेल गाळणाऱ्या गिरणीकडे जाते, घरच्या ताटात क्वचित येते. लहान झालेल्या जठरात एका वेळी थोडेच मावते, म्हणून जेवताना आधी डाळ, उसळ, अंडे किंवा दही खावे आणि भाकरी शेवटी. कॅल्शियमची गोळी घ्यायची झाल्यास सायट्रेट स्वरूपाची बरी, कारण ती पचायला जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही.

व्यायामाची सुरुवात साधी असावी. रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून टणक फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तास कमरेतून वाकणे टाळावे. अंगण झाडायचे तर लांब दांड्याचा झाडू घ्यावा, सडा-सारवण त्यानंतर करावे. सकाळच्या वाकण्यावर नियंत्रण ठेवल्याने जुनी कंबरदुखी कमी झाल्याचे १९९८ मधील एका चाचणीत आढळले होते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर उचलून पाच सेकंद धरणे. हात-गुडघ्यांवर राहून एक हात आणि विरुद्ध पाय सरळ करणे, हे तीन प्रकार रोज करावेत, मात्र पंजा तपासून होईपर्यंत उठण्या-बसण्याचा प्रकार कुणाच्या देखरेखीत करावा, कारण पाय अडखळून पडणे सध्या आपल्याला परवडणारे नाही. दीड-दोन महिन्यांनी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन चालणे वाढवावे. एका हातात वह्यांचा गठ्ठा आणि दुसरा मोकळा, असे नको. उन्हाळ्यात चालणे सूर्योदयाआधीच उरकावे आणि पाणी घोट-घोट दिवसभर प्यावे. पोट सुटलेले असताना घेतलेला पट्टा आता सैल पडत असेल; नवा घेण्याची घाई करू नये, लांबच्या प्रवासापुरता वापरला तर पुरे.

तपासणीला येताना एमआरआयची नुसती चिठ्ठी न आणता मूळ फिल्म किंवा सीडी आणावी, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचे कागद आणावेत, आणि नेहमीच्या वापरातली चप्पल घालून यावे. तिचा झिजलेला अंगठा पुष्कळ सांगतो. तोवर उत्तरपत्रिका टेबलावर ठेवून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून तपासाव्यात.